ठेका कोण धरणार?

आमच्या घरात जॅझची एकच सीडी आहे. एकच म्हणजे अगदी एकच. बाकी सगळा खण सुधीर फडके, कुमार गंधर्व, माणिक वर्मा आणि प्रभाकर जोगांच्या ‘गाणारं व्हायोलिन’नं भरलेला. त्या गर्दीत एका कोपऱ्यात, प्लास्टिकच्या डबीला तडा गेलेली, ‘फ्रीफॉल’. व्हायोलिनवर रेजिना कार्टर, पियानोवर केनी बॅरन. 2001 सालचा हा अल्बम व्हर्व्ह या जॅझमधल्या बड्या लेबलनं काढला होता. दोनच माणसं. ड्रम्स नाहीत, बास नाही, गाणारं कुणी नाही.

आता डोंबिवलीतल्या विम्याच्या ऑफिसात काम करणाऱ्या गृहस्थाच्या खणात ही चीज आली कशी? सोप्पंय. बाबांचं ऑफिस फोर्टात होतं आणि जेवणाच्या सुट्टीत ते काळ्या घोड्याला ‘ऱ्हिदम हाऊस’मध्ये जायचे. बहुतेक वेळा नुसतेच जायचे. विकत काही घ्यायचं नाही, हेडफोन लावून ऐकायचं आणि परत यायचं. (2016 मध्ये ते दुकान बंद झालं तेव्हा बाबांनी चेहरा असा केला होता, जणू आमच्या नात्यातलं कुणी गेलं.) पण व्हायोलिन दिसलं की त्यांचा कंट्रोल सुटायचा. जोगांचं व्हायोलिन ऐकताना ‘शब्द ऐकू येतात की नाही, बघ’ असं ते प्रत्येक पाहुण्याला किमान एकदा म्हणायचे. पाहुण्याला शब्द पाठ असायचेच, त्यामुळे ऐकूही यायचे! ‘फ्रीफॉल’ त्यांनी त्याच भरात घेतली असणार. माझ्या आठवणीत ती दोनदा लागली. मग खणात गेली.

बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. आठ महिन्यांचं आजारपण, मग तेरा दिवस, मग कागदपत्रं. खण उघडायला मला आणि आईला आणखी सहा महिने लागले.

ही सीडी वाजवायची कशावर हाही एक प्रश्नच होता. माझ्या लॅपटॉपला सीडीची फटच नाही. शेवटी शेजारच्या काकूंचा, कपाटावर धूळ खात पडलेला डीव्हीडी प्लेअर आला, टीव्हीला जोडला आणि रविवारी दुपारी आम्ही दोघी ऐकायला बसलो. आई शेंगा सोलत होती. पहिला तुकडा संपायच्या आधीच तिनं विचारलं, “यात तबला कुठाय गं?”

नाहीये, म्हटलं.

“मग ठेका कोण धरतंय?”

माझ्याकडे मास कम्युनिकेशनची डिग्री आहे. सहा वर्षं मी फिल्म, गाणी, कॅफे, कानातले इअरफोन, असल्या सगळ्या विषयांवर लिहितेय. पण या अल्बमबद्दल याहून चांगला प्रश्न मी कुठल्याही समीक्षेत वाचलेला नाही.

थोडं समजून घेऊ या, फार टेक्निकल होत नाही, घाबरू नका. जॅझच्या नेहमीच्या मांडणीत एक ‘ऱ्हिदम सेक्शन’ असतो. ड्रम्स, डबल बास आणि पियानो. तबला-तानपुरा-पेटी यांनी मिळून जे करायचं, ते साधारण हे तिघं करतात. ड्रमवाला वेळ धरतो. बासवाला प्रत्येक मात्रेला एकेक सूर टाकत चालतो, म्हणून त्याला म्हणतातच ‘वॉकिंग’ बास. या चालीवर पाय ठेवून सोलो वाजवणारा हवं तिथं भटकून येतो, कारण घर कुठंय हे मागचे सांगत असतात. आता यातले ड्रम्स आणि बास काढून टाका. राहिला एक पियानो आणि एक व्हायोलिन. वेळ धरायला स्वतंत्र माणूस नाही, त्यामुळे ती दोघांनीही धरायची. पियानोवाल्याचा डावा हात मधूनच बास होतो, व्हायोलिनवाली गज बाजूला ठेवून बोटांनी तारा छेडते आणि क्षणभर ताल तिच्याकडे जातो. कधी दोघंही ताल बोलून दाखवत नाहीत, नुसता मनात चालू ठेवतात. ऐकणाऱ्याच्या पोटात तेवढ्यापुरता खड्डा पडतो.

अशी जोडी-जोडीनं वाजवायची रीत जॅझमध्ये जुनी आहे. लुई आर्मस्ट्राँगचा ट्रम्पेट आणि अर्ल हाइन्सचा पियानो, ‘वेदर बर्ड’, 1928. व्हायोलिन-पियानोच्या जोड्याही आहेत. स्टेफान ग्रापेली या फ्रेंच म्हाताऱ्यानं पियानिस्ट मार्शल सोलालबरोबर 1980 मध्ये ‘हॅपी रीयुनियन’ केला आणि 1990 मध्ये, ऐंशी ओलांडल्यावर, मॅकॉय टायनरसारख्या गडगडाटी पियानिस्टबरोबर ‘वन ऑन वन’. दोन्ही जरूर ऐका. पण ग्रापेली कितीही गोड असला तरी मला त्याच्यात सतत पॅरिसचा कोट-टाय दिसतो. ‘फ्रीफॉल’मध्ये कुणी तयार होऊन आलेलं नाही. दोघं घरच्या कपड्यांत आहेत असं वाटतं.

व्हायोलिनला जॅझमध्ये जागा मिळवायला मुळात झगडावं लागलं, त्याचं कारण अगदी व्यावहारिक आहे. आवाज! ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि ड्रम्सच्या कल्ल्यात बिचाऱ्या चार तारांचं कोण ऐकणार? स्टफ स्मिथनं 1930च्या दशकातच व्हायोलिन विजेवर चढवलं ते याचसाठी. ग्रापेली आणि जँगो राइनहार्टच्या पॅरिसच्या प्रसिद्ध पंचकात ड्रम्स नव्हतेच, गिटार ठेका धरायच्या. ड्युओमध्ये ही भानगडच नाही. व्हायोलिनला कुजबुजता येतं.

रेजिना कार्टर डेट्रॉइटची. जन्म 1966. चार वर्षांची असताना सुझुकी पद्धतीनं व्हायोलिन शिकायला लागली. म्हणजे नोटेशन वाचण्याआधी कानानं शिकायचं, मूल आईकडून भाषा शिकतं तसं. आपल्याकडे गुरूसमोर बसून शिकतात त्याच्या हे बरंच जवळ जातं, नाही का? पुढे शास्त्रीय, म्हणजे त्यांचं शास्त्रीय, शिक्षण चालू असताना शाळेतल्या मैत्रिणीनं, गायिका कार्ला कुकनं, तिला जॅझ व्हायोलिनच्या रेकॉर्ड्स ऐकवल्या आणि गाडीनं रूळ बदलले. मिशिगनच्या ओकलँड युनिव्हर्सिटीत ती बिग बँडमध्ये गेली तेव्हा तिला व्हायोलिन घेऊन सॅक्सोफोनवाल्यांच्या रांगेत बसवलं गेलं. श्वास कुठे घ्यायचा हे त्यांच्याकडून शिक, म्हणून. व्हायोलिनला श्वास घ्यावा लागत नाही हो, गज इकडून तिकडे फिरवत राहिलं की सूर चालूच! आणि तीच पंचाईत. न थांबता बोलणाऱ्या माणसासारखं होतं ते. रेजिना थांबते. ‘फ्रीफॉल’मध्ये ‘स्क्वॉटी रू’ नावाची एक खट्याळ चीज आहे. ती ड्यूक एलिंग्टनच्या बँडमधल्या सॅक्सोफोनिस्ट जॉनी हॉजेसची. त्यात ती ज्या टेचात वाक्य अर्धवट सोडते ना, तिथं त्या सॅक्सोफोनच्या रांगेचा हिशेब चुकता होतो.

आणि केनी बॅरन? 1943 चा जन्म, फिलाडेल्फियाचा, विशीच्या आतबाहेर असतानाच डिझी गिलेस्पीच्या बँडमध्ये. कित्येक वर्षं रटगर्स युनिव्हर्सिटीत शिकवलं. म्हणजे अल्बम आला तेव्हा तो 58च्या आसपास, ती 34-35ची. दोघांच्या वयात 23 वर्षं. माझ्या आणि आईच्या वयात 29.

“हा बाबा साथ छान करतो,” आईनं शेंगांवरून नजर न उचलता सांगितलं. “अंगावर येत नाही.”

माझी आई मंगळवारच्या भजनी मंडळात पेटी वाजवते, हे सांगायचं राहिलं. साथ म्हणजे काय यावर तिची मतं पक्की आहेत. तिच्या लेखी साथीची परमावधी म्हणजे गोविंदराव पटवर्धन. गाणाऱ्याच्या मागे सावलीसारखं जायचं, पण सावली कधी पुढे पडते कधी मागे, तेवढी मोकळीक ठेवायची. केनी बॅरनला तिनं गोविंदरावांच्या खालोखाल बसवलं. त्याला कळलं तर तो खूश होईल की नाही माहीत नाही, पण आमच्या घरात याहून मोठा पुरस्कार नाही. (तसं अमेरिकेतल्या नॅशनल एन्डाउमेंट फॉर द आर्ट्सनं त्याला 2010 मध्ये ‘जॅझ मास्टर’ केलं, रेजिनाला 2023 मध्ये. आणि ‘फ्रीफॉल’ला ग्रॅमीचं नामांकन होतं.)

पेटीवालीनं पियानो ऐकणं हा एक स्वतंत्र मजेचा प्रकार आहे. पेटीला मींड नाही. एक पट्टी सोडायची, दुसरी दाबायची, मधली जागा रिकामी. याच कारणासाठी 1940 पासून तीसेक वर्षं आपल्या आकाशवाणीवर पेटीला बंदी होती. पियानोचंही तसंच, 88 पट्ट्या, प्रत्येकीचा सूर ठोकून बसवलेला. शिवाय पेटीला भाता तरी आहे. पियानोचा सूर वाजला की त्या क्षणापासून विरायलाच लागतो. व्हायोलिन म्हणजे याच्या बरोब्बर उलट. पडदे नाहीत, दोन सुरांमधली सगळी गल्लीबोळं मोकळी, आणि गज संपेपर्यंत सूर तुमचा. मग या दोघांचं जमायचं कसं?

‘फ्रॅजाइल’ ऐकताना ते कळतं. मूळ गाणं स्टिंगचं, 1987चं. तुम्ही कॉलेजात असताना कुणीतरी गिटारवर वाजवलेलं असणारच, प्रत्येक कॉलेजात एक ‘फ्रॅजाइल’वाला असतो. इथं रेजिना सूर घेते तो सरळ नाही घेत, थोडा खालून येते, पोचल्यावर जरा टेकते. बॅरन त्या टेकण्याची वाट बघतो आणि मगच खाली स्वर ठेवतो. जणू कुणी खुर्ची सरकवून देतंय. आई म्हणाली, “ती मींड काढते तेव्हा तो हात उचलतो, बघ.” मी ते बघितलं नव्हतं. नंतर प्रत्येक वेळी तेच दिसायला लागलं.

‘मिस्टेरिओसो’वर मात्र आमचं भांडण झालं. थेलोनिअस मंकची ही 1948ची रचना, बारा मात्रांच्या नव्हे, बारा ‘बार’च्या ब्लूजमध्ये बांधलेली. चाल अशी की कुणीतरी जिना चढतंय आणि दर पायरीला एकदा वर, एकदा खाली बघतंय. बॅरनला मंक आतून माहीत आहे. मंकचं मधलं नाव ‘स्फिअर’, आणि त्याच नावाचा ग्रुप बॅरननं इतरांबरोबर काढला होता. त्यांचा पहिला अल्बम रेकॉर्ड झाला 17 फेब्रुवारी 1982 ला, नेमका त्याच दिवशी मंक गेला. मला हा तुकडा फार आवडतो. आईला वाटतं, मुलं पेटीवर बोटं बसवायला पलटे घोटतात तसं आहे. “पलटे ऐकवायचे नसतात,” ती म्हणाली. मी म्हटलं, मंकनं ऐकवले म्हणूनच तर तो मंक. तिनं शेंगांची टोपली उचलली आणि आत गेली. मधल्या भिंतीपलीकडून मात्र तोच जिना गुणगुणल्यासारखा ऐकू येत होता.

आता या सगळ्यात माझं काय अडलंय ते सांगते.

बाबा हे आमच्या घराचे ड्रम्स आणि बास दोन्ही होते. पाच पन्नासला दुधाची पिशवी, सहाला रेडिओ, साडेसातला ‘झालं का गं तुमचं?’, आठ चौदाची लोकल. गॅसचा नंबर लावायचा तेच. सोसायटीचा मेन्टेनन्स, विजेचं बिल, गच्चीच्या टाकीचा नळ, सगळं तेच. त्यांचं नुसतं चपला घालणं ऐकून शेजारच्या घरात घड्याळ लावायचे. त्यावर आईची आणि माझी मुशाफिरी चालायची. ती भजनं बसवायची, मी रात्री दोनला लेख संपवून दहाला उठायचे. आम्ही दोघी सोलो आर्टिस्ट, मागे भक्कम ठेका.

ते गेल्यावर पहिले काही महिने घरात कुणाचाच ताल नव्हता. मी अकराला नाश्ता करायचे, आई तोवर जेवणाचं बघायला लागलेली. सिलिंडर ऐन संकष्टीला संपला. विजेचं बिल दोघींनीही भरलं, दोनदा! आणि नंतर, हळूहळू, एक काहीतरी बसत गेलं. ठरवून नाही. मी आठला उठायला लागले, कारण आईनं चहा एकटीनं प्यायला नको असं मला वाटायचं. आईनं रात्रीची मालिका सोडली, कारण मी त्या वेळी फोनवर मुलाखती घेते. तिला वाटायचं, मला शांतता हवी. खरं तर मला मालिकेचा आवाज चालला असता. पण कोण कुणासाठी काय करतंय ते आम्ही एकमेकींना सांगितलं नाही. मनातल्या मनात मात्रा मोजत दोघीही.

आणि मग गेल्या महिन्यात गुरुग्रामच्या एका कंपनीतून ऑफर आली. पूर्णवेळ नोकरी. पीएफ, मेडिक्लेम, दर महिन्याच्या एक तारखेला पगार. फ्रीलान्सरला हे शब्द कसे ऐकू येतात ते फ्रीलान्सरलाच माहीत. एका मासिकाकडून मला नऊ महिने चेक यायचाय, नाव घेत नाही, पण वाचत असाल तर नमस्कार. तीसच्या आत स्वतःचा मेडिक्लेम असावा हे मला बाबांच्या आठ महिन्यांत जे बिलं बघून कळलं, ते कुठल्याही पर्सनल फायनान्सच्या कॉलमनं कळवलं नव्हतं.

प्रश्न एवढाच की ती गुरुग्रामला आहे. आणि मी गेले की इथे ड्युओतलं एकच वाद्य राहतं.

आईनं ऑफर ऐकली. “छान,” म्हणाली. “थंडी असते हं तिकडे.” त्यानंतर चार दिवस हा विषय नाही. माझ्या मैत्रिणींनी आपापली मतं दिली. एक म्हणाली, आईला घेऊन जा. (तिला पेटी आणि मंगळवार आणि फडके रोडसकट उचलून गुरुग्रामच्या सोळाव्या मजल्यावर ठेवायचं?) दुसरी म्हणाली, जाऊ नकोस, आई एकच असते. तिसरी म्हणाली, लग्न कर, म्हणजे प्रश्नच मिटेल. तिला मी दोन दिवस रिप्लाय दिला नाही.

या दिवसांत मी ‘फ्रीफॉल’च्या नादानं केनी बॅरनचं आणखी काय काय ऐकत होते आणि ‘पीपल टाइम’पाशी अडकले. हाही ड्युओच. मार्च 1991, कोपनहेगनच्या मोन्मार्ट्र क्लबात, सॅक्सोफोनिस्ट स्टॅन गेट्झबरोबर, लागोपाठच्या रात्री. गेट्झला लिव्हरचा कॅन्सर होता. तीन महिन्यांनी, जूनमध्ये, तो गेला. ते रेकॉर्डिंग ऐकलंत तर पियानोकडे लक्ष ठेवा. गेट्झ अजूनही सुंदरच वाजवतो, पण तो थांबला की बॅरन त्या जागेत येतो, ती भरतो, गेट्झ परत येईपर्यंत सगळं तोलून धरतो आणि तो आला की बाजूला होतो. कुठेही ‘तुम्ही दमलात, मी बघतो’ असा सूर नाही.

आईनं बाबांचं शेवटचं वर्ष असंच काढलं. ते बोलता बोलता थांबायचे, ती वाक्य पुरं करायची नाही. भाजी निवडत बसायची, ते पुढचा शब्द शोधेपर्यंत. मी तेव्हा आतल्या खोलीत लॅपटॉपवर असायचे आणि मला ते नुसतं हळू चाललेलं संभाषण वाटायचं. ‘पीपल टाइम’ मी तिला ऐकवलेला नाही. ऐकवणारही नाही इतक्यात.

एक आडवळण घेते, कारण ते डोक्यातून जात नाहीये. जॅझ, व्हायोलिन, पियानो, हे सगळं आपल्याला लांबचं वाटतं ना? 1935 मध्ये मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात जो कृष्णवर्णीय अमेरिकन बँड वाजवायला आला, त्याचा म्होरक्या लिऑन ॲबी. त्याचं वाद्य काय होतं? व्हायोलिन! आणि त्याच दशकाच्या उत्तरार्धात ताजमध्ये बँड चालवणारा टेडी वेदरफोर्ड पियानिस्ट. तो परत गेलाच नाही, 1945 मध्ये कलकत्त्यात वारला. या बँडांचं वाजवणं आपल्या गोव्याच्या पोरांनी कानांनी उचललं आणि मग हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात नेलं. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस व्हायोलिनिस्ट होते, प्यारेलालजींचे गुरू. 1977च्या ‘अमर अकबर अँथनी’मध्ये अमिताभनं ज्यांचं नाव गाऊन घराघरात पोचवलं, ते हेच. म्हणजे बाबा फोर्टातल्या ऑफिसातून काळ्या घोड्याला चालत जाऊन व्हायोलिनची सीडी घ्यायचे, तिथून चार पावलांवर कधीकाळी हा सगळा कारखाना चालू होता. त्यांना हे माहीत नव्हतं. मलाही आत्ता आत्ता कळलं. त्यांना सांगायला फार आवडलं असतं. पुढचे तीन महिने प्रत्येक पाहुण्याला लिऑन ॲबी ऐकावा लागला असता.

असो. रेजिनाकडे परत येते. ‘फ्रीफॉल’ आला त्याच वर्षाच्या शेवटी, डिसेंबर 2001 मध्ये, तिला इटलीत जिनोआला पागानिनीचं व्हायोलिन वाजवायला मिळालं. ‘इल कानोने’, तोफ, 1743 मध्ये ग्वार्नेरीनं बनवलेलं. पागानिनीनं ते आपल्या गावाला देऊन टाकलं आणि गाव ते जिवापाड जपतं. त्यावर जॅझ वाजवणारी ती पहिलीच. काही मंडळींच्या कपाळावर आठ्या पडल्या, तोफेवर काय हे असलं! ती वाजवून आली, नंतर त्याच व्हायोलिनवर आख्खा अल्बम केला. तिची कथा सांगताना सगळे हाच प्रसंग सांगतात. मला त्यापेक्षा दुसरी एक गोष्ट जास्त लागली.

तिच्या आईचं नाव ग्रेस. बालवाडीची शिक्षिका. 1997च्या अल्बमचं नावच रेजिनानं ‘समथिंग फॉर ग्रेस’ ठेवलं होतं. ग्रेस 2005 मध्ये गेली. पुढच्याच वर्षी रेजिनाचा अल्बम आला तो आईच्या आवडीच्या, आईच्या तरुणपणाच्या गाण्यांचा, ‘आय विल बी सीइंग यू’. तोवर ती जगभर वाजवत फिरत होती. आई डेट्रॉइटला. मी हिशेब करत बसले, किती वेळा घरी गेली असेल, किती फोन केले असतील. असल्या हिशेबाला उत्तर नसतं हे मलाही कळतं, तरी रात्री एक वाजता माणूस तो करतोच.

अल्बमचं नाव ज्यावरून आहे तो ‘फ्रीफॉल’ हा तुकडा आम्ही सगळ्यात शेवटी नीट ऐकला. त्याला धड चाल अशी नाहीच. दोघांनी मिळून उडी मारायची आणि पडता पडता ठरवायचं. आईला आवडणार नाही याची मला खात्री होती. चाल नाही, सम नाही, घरी कधी यायचं तेही ठरलेलं नाही. ती डोळे मिटून बसली होती. संपल्यावर म्हणाली, “यात कुणीच कुणाला धरून ठेवत नाहीये.”

मग काही क्षणांनी, “पण सोडतही नाहीयेत.”

मी गप्प बसले. मला वाटलं आता विषय निघणार. गुरुग्राम, थंडी, मी इथे एकटी. मी मनात उत्तरंसुद्धा तयार ठेवली होती, दर शुक्रवारचं विमान, वर्क फ्रॉम होमचे दहा दिवस, शेजारच्या काकू.

विषय निघाला, पण निराळाच. आईनं सांगितलं की भजनी मंडळ मार्गशीर्षात अकरा दिवस बाहेर चाललंय, गाणगापूर, अक्कलकोट, पंढरपूर. तिनं पैसे भरलेत. कधी? दोन आठवड्यांपूर्वी. म्हणजे ऑफर यायच्या आधी का नंतर? “आता तारीख काय लक्षात आहे मला,” म्हणाली. तिच्या लक्षात दुधाचा हिशेब तीन वर्षांपूर्वीचा असतो, हे मला माहीत आहे आणि मला माहीत आहे हे तिला माहीत आहे.

“पेटी नेणार?”

“मग काय तिथं टाळ्या वाजवू नुसत्या?”

बाबा होते तेव्हा ती कधी एकटी कल्याणच्या पुढे गेली नव्हती.

त्या रात्री मी गुरुग्रामला मेल टाकली. होकार दिला, फक्त रुजू व्हायची तारीख सोळा दिवसांनी पुढे मागितली. आई परत येईल, दोन-तीन दिवस पाय चेपून घेईल, मग मी निघेन. आठ महिन्यांनी ती नोकरी मला नकोशी होईल, किंवा आईला डोंबिवली, काय सांगावं. आत्ता त्यांचं उत्तर यायचंय. ‘एचआर विल रिव्हर्ट’ एवढंच आलंय.

सकाळी उठले तेव्हा आई फोनवर होती. सोलापूरच्या गाडीत खालचा बर्थ कुणाला द्यायचा यावरून मंडळातल्या दुसऱ्या पेटीवालीशी तिची खडाजंगी चालू होती, आणि गॅसवर दोघींचा चहा उकळत होता.